चढावरची टकटक

३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या गॅरेजातून मोटरसायकल आणली त्याला महिना होत आला. तुम्ही लोकांनी इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केलंत, नवीन बुश घातलेत, आणि शेवटी नेहमीसारखा तू स्वतः कान लावून टाकीवर खडूने बरोबरची खूण केलीस. ती खूण मी अजून पुसलेली नाही. पण दादा, इंजिनातून आवाज येतोय.

सकाळी गाडी थंड असते तोवर काही नाही. इस्पितळातून रक्ताच्या नमुन्यांची पेटी मागे बांधून निघते, वस्ती संपते, टेकडीचा चढ लागतो, इंजिन तापतं, आणि मग सुरू होतं. बारीक, कोरडी टकटक. बंद खोलीत अडकलेल्या माणसाने नखाने दार वाजवावं तशी. ठोके दोन-दोन, जोडीने. चढावर वाढतात. वेगाची मूठ सोडली की क्षणभर दबतात, पुन्हा येतात. माथ्यापासून तपासणी केंद्रापर्यंत सगळा उतार आहे आणि मागे खडीचे ट्रक असतात, हे तुला माहीत आहे. तिथे इंजिनाने दगा दिला तर नमुने राहिले बाजूला, मलाच गोळा करावं लागेल.

टेलिफोन केले. तुझा हेडमिस्त्री उचलतो आणि दादा कामात आहेत म्हणतो. एकदा चुकून तू उचललास, तर माझं वाक्य अर्धं असतानाच हां हां, ठीक आहे, असं म्हणून ठेवून दिलास. बहिणीशी बोलणं एवढं जड जात असेल तर निदान वाच.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. हे पंपांच्या कारखान्यात रुळलेत. तू यांना गॅरेजातून काढलंस त्याला वर्ष होईल, पण तुझ्याबद्दल वावगा शब्द तोंडातून निघत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

वहिनीला नमस्कार. आधी उत्तर लिही, मायेचं नंतर बघू.

तुझी,
भोंगी


९ जानेवारी

चि. सौ. भोंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळाले. इंजिनात आवाज नाही. मी खूण केलेल्या इंजिनात आवाज नसतो. तू लहानपणी कारखान्याच्या भोंग्यासारखी रडायचीस म्हणून तुला भोंगी नाव पडलं, आणि तेव्हापासून आपल्या घरात आवाज म्हटला की तो तुझाच, हा माझा अनुभव आहे.

चढावर तू चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटत असणार. इंजिन बिचारं कुरकुरतं, त्याला तू टकटक म्हणतेस. पेट्रोल कुठल्या पंपावर भरतेस ते बघ. पेटीच्या झाकणाची कडी बघ. मागच्या मडगार्डचा नट बघ. नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि ठोके जोडीने येतात, मूठ सोडली की दबतात, ही भाषा तुझी नाही. ती कुणी पढवली ते न सांगता कळतं. कानामागून आला आणि तिखट झाला, अशा माणसाने माझ्या इंजिनांवर शिकवण्या घेऊ नयेत. मी त्याला का काढलं ते त्याला विचार. सांगेल तर.

तुझी वहिनी बरी आहे. प्रकृतीस जपावे आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढावे.

तुझा,
दादा


१४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या हुकुमाप्रमाणे सगळं केलं. तिसऱ्या गिअरमध्ये चढले, आवाज आहे. पेटी उतरवून रिकामी चढले, आहे. पेट्रोल बदललं, आहे. मडगार्ड काढून अंगणात ठेवलं आणि रस्त्यावरचा सगळा चिखल पाठीवर घेत चढले. इस्पितळातल्या नर्सबाईंनी मला दारातच अडवून कुठल्या शेतातून आलात म्हणून विचारलं. आवाज तरीही आहे.

त्याच्या पुढेही गेले. क्लच दाबून पाहिला, टकटक बदलत नाही, म्हणजे क्लचची नव्हे. टॅपेट थंड इंजिनावर तपासले, मापाची पट्टी जेवढी घट्ट सरकायला हवी तेवढी सरकते. मग गाडी तापवून आणली, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. वर हेडवर अंधुक. खाली क्रँककडे अंधुक. ब्लॉकच्या वरच्या अर्ध्यात टोक नेलं आणि कानात कुणी चिमटा काढल्यासारखं झालं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड पिनेने जोडलेत, बरोबर तिथे. त्या पिनेभोवतीचा पितळी बुश तुझ्याच गॅरेजात नवीन बसवलाय.

ही भाषा कुणी पढवली म्हणतोस? तूच. शाळेतून आले की मी तुझ्या गॅरेजात उलट्या बादलीवर बसायचे आणि तू हाच स्क्रू ड्रायव्हर माझ्या कानाला लावायचास. आधी ऐक, मग नट सोड, असं म्हणायचास. आता मी ऐकलं तर तुझ्या पोटात का दुखतं?

यांना विचारलं का काढलं म्हणून. हे म्हणाले, जुनी गोष्ट आहे, सोड. दोघांनी मिळून माझ्यापासून काय लपवायचं ठरवलंय कोण जाणे. तुमचं आपसात पटत नाही, पण गप्प बसण्यात मात्र भारी एकी.

पटलं तर नवीन बुश पाठव, नाहीतर निदान माया असू दे.

भोंगी


२० जानेवारी

सौ. भगिनीस,
स. न. वि. वि.

आपले प्रबंधवजा पत्र पोहोचले.

येत्या शनिवारी दुपारी गाडी घेऊन गॅरेजात यावे. टेकडी ओलांडून यावे, म्हणजे इंजिन तापलेले नव्हते ही सबब उरणार नाही. सगळ्या कामगारांसमोर ऐकतो. आवाज असला तर सर्वांदेखत मान खाली घालीन. नसला तर पुन्हा या विषयावर पत्र येता कामा नये.

येताना एकटीने यावे. आपल्या यजमानांचे पाय या गॅरेजाला लागलेले मला चालणार नाहीत.

कळावे.

गॅरेजमालक


२८ जानेवारी

श्री. गॅरेजमालक यांस,
स. न. वि. वि.

तुम्हाला आता तू म्हणायला जीभ वळत नाही.

शनिवारचं पुन्हा एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे तुम्हाला मी असं केलंच नव्हतं म्हणता येणार नाही. मी गाडी दारात आणली तेव्हा ती टकटकत होती. रस्त्यावरचा फळवाला मान वळवून बघत होता. तुम्ही मिशीला हात लावत आलात, गुडघ्यावर बसलात, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. सगळे कामगार गोलाकार उभे. तुमचा हेडमिस्त्री स्वतःच्या चपलांकडे बघत होता. वेल्डर एकदम काहीतरी आठवल्यासारखा मागच्या खोलीत निघून गेला. त्या सगळ्यांना ऐकू येत होतं, दादा. मी त्यांचे चेहरे बघत होते.

आणि तुम्ही उठलात, हात पुसलेत आणि म्हणालात की घड्याळासारखं चालतंय. पहिली खूण फिकट झाली होती, तिच्यावर दुसरी ओढलीत. पाठ फिरवलीत. मी मागून म्हणाले, दादा, खोटं बोलतोयस. सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही ढिम्म. वळूनही बघितलं नाहीत. कुत्रं भुंकलं तरी माणूस एकदा मागे बघतो.

यांच्यावरचा राग माझ्या जिवावर काढताय, एवढंच मला कळलं. मी पडले तर तुमचं म्हणणं खरं ठरणार आहे का?

वहिनीसाठी जीव तुटतो. तुमच्यासाठी सध्या काही तुटत नाही.

तुमच्या खुणेची गाडी चालवणारी


२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी वाचलं. टेबलावर उघडं पडलं होतं. ते वाचून हे तसेच उठले आणि जेवले नाहीत. तुम्ही माझ्या नवऱ्याला चारचौघांत खोटारडा म्हणालात, याचा मला राग आला आहे. आधी हे सांगते आणि मग बाकीचं.

तुम्ही मागून बोललात ते त्यांनी ऐकलं नाही. ऐकू आलंच नाही, वन्सं. घरी येऊन मला विचारत होते की मी वळल्यावर ती काही बोलली का, सगळे असे का बघत होते.

कमी येतंय त्याला बरीच वर्षं झाली. जाड आवाज येतात. ट्रक येतो, हातोडा येतो, ढग येतात. बारीक सगळे गेले. गजराचं घड्याळ उशाशी बोंबलतं आणि हे झोपलेले असतात, मी खांद्याला हात लावून उठवते. दाराची घंटा येत नाही. तोंडाकडे बघत असले तर माझं सगळं कळतं, पाठमोरी बोलले की भांडण. टेलिफोनवर काही कळत नाही म्हणून हां हां करतात. मी एकदाच विषय काढला. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी अबोला.

गॅरेजात सगळ्यांना माहीत आहे. यांनी खूण केली की हेडमिस्त्री गुपचूप पुन्हा ऐकतो. तुमच्या गाडीच्या वेळी तो रजेवर होता.

आणि तुमच्या यजमानांना का काढलं तेही आज सांगून टाकते. त्यांनी तोंडावर सांगितलं, दादा, कान तपासून घ्या, कुणाचा तरी जीव जाईल. त्याच संध्याकाळी काढलं. जाताना ते मला म्हणाले, वहिनी, हिला कळू देऊ नका. ही भांडायला येईल, चार लोकांत बोलेल, आणि दादांकडे उद्यापासून कोण गाडी देईल?

मी लिहिलंय हे त्यांना कळलं तर माझी धडगत नाही. पण तुम्ही पडलात तर मला स्वतःकडे बघवणार नाही. तुमच्यावरचा राग आहे तसाच आहे, आणि ती गाडी चालवू नका.

तुमची,
वहिनी


५ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

वाद पुरे झाला. गाडी मी दोन दिवस बाहेर काढलेली नाही, नमुने सायकलने नेते आणि पाय दुखतात. रविवारी इंजिन इथे आमच्या अंगणात उघडणार आहोत. एकदा उघडलं की तिथे कानाचं काम नाही, बोटांचं आहे. पिनेत ढिलेपणा आहे की नाही ते तुझ्या बोटांइतकं कुणालाच कळत नाही, असं आमचे हेसुद्धा मान्य करतात. तेव्हा बोटं घेऊन ये.

भोंगी


८ फेब्रुवारी

सौ. भगिनीस,

बोटं घेऊन ये! समजलो. घरचाच कुणीतरी फितूर झाला आहे. कोण ते मी विचारणार नाही, कारण घरात माझ्याखेरीज एकच माणूस राहतं.

मी रविवारी येतो. पण कुणीही नटाला पाना लावण्याआधी मी ती गाडी टेकडीवर नेणार आणि पलीकडे उतरवणार. तू मागे बसायचंस. चाळीस वर्षं मी इंजिनं पायांनी, मांड्यांनी, बुडाने ओळखली आहेत, केवळ कानाने नाही. इंजिन नीट चाललं तर तू तुझ्या नवऱ्यासमोर आणि त्याने माझ्यासमोर कबूल करायचं की मी ठार म्हातारा झालेलो नाही. तुझी बसायची छाती नसेल तर तसं कळव.

दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

हे अक्षर कुणाचं ते तू ओळखशील. माझा उजवा कोपर प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी सांगते आणि हे लिहितात. मध्येमध्ये थांबून इतकं कशाला, असं म्हणतात. त्यांना मी गप्प बसवलंय.

इस्पितळात बोलायचं राहिलं. आता ऐक. म्हणजे वाच.

हे अंगणात हात जोडायचे तेवढे बाकी होते की दादा, चालवू नका. मी बसले, कारण छाती नसेल तर कळव, असं तू लिहिलंस. आपण दोघं एकाच खाणीतले दगड. अर्ध्या चढावर टकटक सुरू झाली. मी तुझ्या पाठीवर थाप मारली. मग बुक्क्या मारल्या. तू मूठ आणखी पिळलीस. माथा ओलांडला, उतार लागला, आणि आवाज एवढा वाढला की माझ्या पायांखालच्या दांड्यांतून टाचेत चढत होता. मी तुझ्या कानाला तोंड लावून, भोंग्यासारखी, जिवाच्या आकांताने थांबव म्हणून ओरडले. आणि तू मान डोलावलीस. हां हां, ठीक आहे.

दादा, तुला ऐकू येत नाही, हे मला वहिनीच्या पत्राने कळलं नव्हतं. वाचलं होतं फक्त. कळलं ते तेव्हा.

मग इंजिन अडकलं आणि मागचं चाक फरफटलं. त्याच क्षणी तुझ्या डाव्या हाताने क्लच ओढला. एवढं मात्र कबूल करते. दुसरा कुणी असता तर काय झालं हे समजेपर्यंत आपण मागच्या ट्रकखाली असतो. तुझ्या हाताला आधी समजलं, चाक सुटलं, आणि आपण रस्त्याऐवजी कडेच्या खडीत गेलो. ट्रकवाला भोंगा वाजवत शिव्या देत गेला. त्याही तुला आल्या नसतील. तू उठलास आणि आधी इंजिनावर तळहात ठेवलास, पोळून घेतलास, आणि मगच माझ्याकडे आलास. ते मी विसरणार नाही.

यांनी इंजिन उघडलं. त्या नवीन बुशाला तेलासाठी भोक असतं, ते रॉडच्या भोकासमोर यायला हवं. ते वळून बसलंय, समोर आलेलंच नाही. पहिल्या दिवसापासून तिथे तेलाचा थेंब पोचला नाही. बुश अंड्यासारखा झाला, पिन तापून निळी पडली, पिस्टन घासला आणि शेवटी ब्लॉकमध्ये रुतला. सगळं कागदात गुंडाळून पाठवते आहे. डोळ्यांनी बघ, बोटांनी बघ.

आता माझं म्हणणं. खडू खाली ठेव. आणि तुझ्या कामगारांना तू स्वतः सांग, तुझ्या तोंडाने. वहिनीवर एक अक्षर डाफरलास तर प्लास्टरसकट येईन. मी तुला माफ केलेलं नाही. कोपर वाकेल तेव्हा विचार करीन.

भोंगी

ता. क. लेखनिकाकडून: दादा, तिने सांगितलं ते जसंच्या तसं उतरवलं आहे, दोन शिव्या गाळून. परत कामावर बोलावणार असाल तर येणार नाही, आधीच सांगतो. माझाही मान आहे. कान दाखवायला जाणार असाल तर सोबतीला केव्हाही येईन. ते वेगळं.


२७ फेब्रुवारी

चि. सौ. भोंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

पुडकं मिळालं. बुश पाहिला. दिसायला डोळेही लागत नाहीत, अंगठ्यालाच कळतं. कुणी बसवला ते मी गॅरेजात विचारलेलं नाही आणि तूही विचारू नकोस. टाकीवर खूण माझी होती.

तू सांगितलंस म्हणून नव्हे, माझं मला वाटलं म्हणून सोमवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. कंप्रेसर बंद करायला लावला. सांगितलं की मला बारीक आवाज येत नाहीत, यापुढे शेवटचं ऐकणं हेडमिस्त्री करेल. वाटलं होतं कुणीतरी चमकेल, निदान एखादा खोटं का होईना, असं कसं दादा, म्हणेल. कुणाचीही मान वर झाली नाही. मग वेल्डर काहीतरी पुटपुटला. मी त्याला काय म्हणालास, असं विचारलं. हे विचारायला मला किती वर्षं लागली ते तुझ्या वहिनीला विचार. तो जवळ आला आणि तोंड समोर धरून सावकाश म्हणाला की दादा, आम्हाला वाटायचं, तुम्हालाच माहीत नाही.

म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ती माणसं माझ्यापासून लपवत होती. इतकी वर्षं. मी सगळ्यांना कामं नाहीत का म्हणून हाकललं आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. तुझी वहिनी डबा घेऊन आली आणि समोर बसली. तिच्यावर डाफरलो नाही. डाफरायला तोंड उघडलं होतं, पण तिने आधीच बोट उगारलं.

इंजिनावर आधी हात ठेवला म्हणतेस. ठेवला. तुझ्याकडे बघायची हिंमत होईना म्हणून ठेवला. यावर पुन्हा पत्र नको.

लेखनिकाला सांग, गॅरेजात बोलावलंय कुणी त्याला? आला तरी मी पाना देणार नाही. पण मंगळवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. वहिनीला नेत नाही, ती रडेल आणि माझा अपमान होईल. तिथे बाकावर बसवतात आणि आतून नाव पुकारतात. मागच्या वेळी, हो, एकदा गेलो होतो, कुणाला सांगितलं नव्हतं, मी दुपारपर्यंत बसून राहिलो. नाव पुकारून झालं होतं. लोकांनी पुढे जाऊन आपापले कान दाखवले आणि मी घरी आलो.

तेव्हा त्याला यायचं असेल तर येऊ दे. शेजारी बसावं. बोलू नये. नाव आलं की कोपराने ढोसावं, बस.

तुझा कोपर लवकर वाकू दे, म्हणजे भांडायला येशील. राग आहे तो आहेच.

दादा